कणगीतली बाटली

महाडातल्या वाईन शॉपात जाऊन वाईन मागणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. पाटीवर 'वाईन' असली तरी तिथलं गिऱ्हाईक रम, व्हिस्की आणि बिअरचं. खरी वाईन सगळ्यात खालच्या फळीवर, केरसुणी आणि फिनेलच्या डब्याशेजारी धूळ खात उभी. त्या फळीपुढे एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ उकिडवे बसलेले दिसत. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात रुमाल. रुमालाने एकेक बाटली पुसायची, उजेडाकडे धरायची, तोंडापाशी बोट फिरवून पाहायचं आणि परत जागेवर ठेवायची. मागे क्वार्टर घ्यायला आलेली मंडळी खोळंबून कुरकुर करत. दुकानाचे मालक रमणशेठ म्हणत, "बसू दे रे त्यांना. त्या फळीला तेवढा एकच जावई हाय."

हे जावई म्हणजे दत्ताराम सकपाळ, औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या औषधाच्या कारखान्यातले लॅबचे साहेब. मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा नवखी होते आणि आतासारखीच फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगून टाकलं की पिणारी माणसं मला आवडत नाहीत. ते म्हणाले, "मलाही नाही आवडत, मॅडम. मी पितो कमी आणि हुंगतो जास्त." मी वयाने त्यांच्या मुलीसारखी, हुद्द्याने कितीतरी खाली, तरी शेवटपर्यंत मॅडमच राहिले. त्यात आदर किती आणि थट्टा किती, ते मला कधी कळलं नाही.

वाईनचं वेड त्यांना नाशिकला लागलं. कारखान्याने कसल्याशा यंत्राच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना द्राक्षाच्या मळ्यावर नेलं. इतरांनी ग्लास रिकामे केले, सकपाळसाहेब एकच ग्लास घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "सुनंदा, एका पेल्यात अख्खं रान होतं गं."

सुनंदावहिनींनी रान बिन काही ऐकून घेतलं नाही. मुलगा पुण्याला शिकायला, पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या घराचे पत्रे बदलायचे, आणि पगार लॅबचा. त्यांनी कायदा घालून दिला. एक रविवार मासळीचा, एक रविवार तुमच्या रसाचा. आणि जेवढ्याचा मासा, तेवढ्याचीच बाटली. म्हणजे बाजारात सुरमई भडकली की साहेबांना जरा बरी बाटली मिळायची, आणि बांगडा स्वस्त झाला की त्यांचं तोंड उतरायचं. महाडच्या मासळीबाजारात भाव चढल्यावर खूश होणारं गिऱ्हाईकही तेवढं एकच असावं.

या तुटपुंज्या पैशात चांगली वाईन शोधण्याची त्यांनी एक विद्याच करून टाकली होती. कंपनीच्या बसमध्ये ते ती मला शिकवत, मी मागितली नव्हती तरी. "मे महिन्यात उतरलेला माल घ्यायचा नाही, मॅडम. ताडपत्रीखाली शिजून येतो. पौषात आलेली पेटी विचारायची." "मोठ्या घरची धाकटी घ्यावी, छोट्या घरची थोरली घेऊ नये." म्हणजे नावाजलेल्या कंपनीची साधी वाईन बरी, भलत्याच कंपनीची भारी नको. "फिरकीच्या झाकणाला नाक मुरडू नका. महाडच्या उकाड्यात बुचापेक्षा तेच इमानी." आणि लेबलावर सोनेरी नक्षी असली की म्हणत, "भाड्याचे दागिने. ही नवरी घरात टिकायची नाही." यातलं निम्मं खरं होतं, निम्मं त्यांनी मनाने रचलेलं. कधी कधी बाटली अगदीच टाकाऊ निघे. मग ते ती कोकमाच्या सरबतासारखी पाणी घालून गुपचूप संपवत, कारण पुढचा रविवार मासळीचा असे.

पण खरं भांडवल त्यांचं नाक. "वाईन कळायला पैसा लागत नाही," ते म्हणत, "नाक लागतं. आणि ते आपल्याला फुकट मिळालंय." बस फाटकातून आत शिरता शिरता ते सांगत, आज मागच्या बाजूला कुठलं तरी झाकण सैल राहिलंय, आणि खरंच ते राहिलेलं असे. वाईनबद्दल बोलताना तर ते सरळ गावातच शिरत. एखादी म्हणजे होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख. एखादी म्हणजे दासगावच्या खाडीकाठचा ओहोटीचा चिखल, आणि ही निंदा नव्हे. एखादी म्हणजे कोऱ्या वहीचं पहिलं पान.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची बाटली त्यांना पोलादपुरात मिळाली. वाडीवर जाताना स्टँडजवळच्या एका लहानशा दुकानात ते सवयीने खालच्या फळीपुढे बसले. कोपऱ्यात दोन बाटल्या होत्या, त्यांची लेबलं उंदरांनी कुरतडून खाल्लेली. नाव नाही, गाव नाही. दुकानदाराला ती ब्याद नकोच होती, त्याने बांगड्याच्या भावात दोन्ही देऊन टाकल्या. त्यातली एक साहेबांनी महाडच्या बिऱ्हाडी उघडली त्या रविवारी मी तिथे होते. वहिनींनी स्टीलचे पेले मांडले. साहेबांनी नाक पेल्यात घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही.

"करवंदाची जाळी," ते हळूच म्हणाले. "तिच्या बुडाशी पडलेला सुका पाला. आणि लांब कुठेतरी कोणी विडी ओढतोय."

वहिनींनी पेला हुंगला. "मला तर बाई आंबल्या जांभळांचा येतोय."

"तेच तर!" साहेब ओरडले, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. मी वाईन न पिणारी बाई, पण त्या दिवशी घोटभर घेतली. करवंदं मला सापडली. विडीवाला सापडला नाही. पण तो होता, यावर माझा विश्वास बसला.

दुसरी बाटली त्यांनी निवृत्तीच्या दिवसासाठी राखून ठेवली. महाडच्या घरात मे महिन्यात भट्टी, आणि सावित्री नदी चढली की तळमजल्यात पाणी. म्हणून ती गेली वाडीवर, थोरल्या भावाच्या घरी, भाताच्या कणगीत. शेणाने लिंपलेली बांबूची उंच कणगी, बारा महिने काळोख, आणि भाताच्या पोटात गारवा. "परदेशात यासाठी डोंगर पोखरून तळघरं करतात," साहेब अभिमानाने सांगत. "आमच्याकडे आजोबांनीच करून ठेवलंय."

मग साथीचा ताप आला. घरोघर आला तसा त्यांच्याकडेही आला आणि गेला. जाताना साहेबांचं नाक घेऊन गेला.

त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते दुधामुळे. कॅन्टीनमध्ये दूध करपलं, सगळे नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले, आणि साहेब त्या धुरकट वासात शांतपणे चहा पीत बसले होते. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. उठले, मला लॅबमध्ये घेऊन गेले, अमोनियाची बाटली उघडून स्वतःच्या नाकाखाली धरली. मान झटक्यात मागे गेली, डोळे भरले.

"येतोय की वास!" मी म्हटलं.

"झोंबतंय, मॅडम. झोंबणं वेगळं, वास वेगळा. झोंबणारी नस निराळी असते. मिरची डोळ्याला झोंबते म्हणून डोळ्याला काय मिरचीचा वास येतो?" त्यांनी बूच लावलं. "आत काही नाही. पांढरी भिंत आहे नुसती."

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, काहींचा परत येतो, काहींचा नाही, रोज वास घेत राहा. एवढ्या मोठ्या दवाखान्यातून माणूस एवढंच घेऊन परत आला याचा मला इतका संताप आला की काय सांगू.

तेव्हापासून साहेब चांगली वाईन शोधेनासे झाले. जिचा वास येईल अशी कुठलीही शोधू लागले. मासळीचे रविवार बंद पडले. वहिनींनी कायदा स्वतःच मोडला. आधी महाडची दुकानं झाली, मग माणगावची, मग कशेडी घाट ओलांडून खेडची, मग आंबेनळी घाटातून वर महाबळेश्वरची. प्रत्येक बाटली उघडायची, हुंगायची, भिंत, बूच लावायचं. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली अर्ध्यामुर्ध्या बाटल्यांची रांग लागली. वहिनी त्या मटणात घालत, चिंचेऐवजी आमटीत घालत. "सोलकढीत तेवढी घालायची राहिलीय," त्या म्हणायच्या, पण हसायच्या नाहीत.

साहेब वाळत चालले. जेवण म्हणजे ओला कागद झालाय, म्हणत. स्वतःच्या घामाचा वास कळत नाही म्हणून दिवसातून तीनतीनदा अंघोळ करत. गॅस गळला तर कळणार नाही म्हणून वहिनी बाहेर गेल्या की सिलिंडर बंद करून अंगणात जाऊन बसत. आणि एका संध्याकाळी बसमध्ये, खिडकीबाहेर बघत, एकदम म्हणाले, "मॅडम, मला सुनंदाचा वास येत नाही." मी माझा स्टॉप यायच्या आधीच उठून दाराशी जाऊन उभी राहिले.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर साहेब स्टुलावर, डोळ्यांना रुमाल बांधलेला. पुढे वहिनी ताटात चार वस्तू घेऊन. डॉक्टरांनी सांगितलेला सराव. हळदीचं पान, सुकट, कोकम, कापूर. वहिनींनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प बसवलं, हळदीचं पान उचलून त्यांच्या नाकाखाली धरलं आणि म्हणाल्या, "वळखा."

"हळदीचं पान!"

वहिनींचा चेहरा असा काही उजळला! पण पान उचलताना खसखसलं होतं. ते मी ऐकलं होतं, म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. मग वहिनींनी कोकम घेतलं. त्याचा आवाज होत नाही. साहेबांनी लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला, पार रडकुंडीला येऊन घेतला.

"सुकट?"

"बरोब्बर!" वहिनी म्हणाल्या, आणि ते कोकम मुठीत घट्ट दाबून धरलं. नवरा बायकोला फसवत होता, बायको नवऱ्याला, आणि दोघांनाही एकमेकांचं कळत असावं, कारण साहेबांनी रुमाल काही सोडला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनी माझ्याकडे आल्या. "चल गो माझ्यासंगं," म्हणाल्या. कुठे ते सांगितलं नाही. बाजारपेठेतून चालत सरळ वाईन शॉपच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. पुढे मागे सगळे पुरुष. मी शरमेने अर्धी झाले. नंबर आल्यावर वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ज्याला लय वास येतो, ती द्या."

रांग खो खो हसली. "काकी, रम घ्या रम, वाडीभर वास जाईल!" कोणीतरी ओरडलं. मी वळून त्याला असा काही झाडला की पुढची पाच मिनिटं रांगेत चिटपाखरू बोललं नाही.

रमणशेठ मात्र हसले नव्हते. ते गल्ल्यावरून उठले, खालच्या फळीपुढे स्वतः उकिडवे बसले, आणि पार मागून, भिंतीलगतची एक बाटली काढून आपल्या उपरण्याने पुसली. "साहेबांसाठीच बाजूला ठेवली व्हती," ते म्हणाले. "पौषातला माल हाय, सांगा त्यांना." ती बाटली साहेबांनी उघडली, हुंगली, आणि "छान आहे" म्हणाले. ते 'छान' ऐकून वहिनी आत निघून गेल्या.

बाहेर आल्या त्या ठरवूनच. "आता ती गावची काढा."

"ती नाही." साहेब मी प्रथमच बायकोवर ओरडलेले पाहिले. मग आवाज खाली आला. "सुनंदा, ती बंद आहे तोवर मला वाटतं, तिचा येईल. ती उघडली आणि नाही आला, तर मग मी कशाची वाट बघू?"

वहिनींनी रमणशेठची बाटली ओट्याखालच्या रांगेत नेऊन ठेवली. पण वेळ आपोआपच आली. साहेबांनी मुदतीआधीच राजीनामा दिला. "नाक नसलेल्या माणसाने रसायनांच्या कारखान्यात थांबू नये, मॅडम. माझ्यामुळे एखाद्याचा जीव जायचा." बिऱ्हाड आवरून दोघं वाडीवर राहायला निघाली. बाटली निवृत्तीसाठीच राखलेली होती, आता तिला टाळायला कारण उरलं नाही. पहिली माझ्या साक्षीने उघडली, म्हणून दुसरीलाही मला नेलं.

दिवाळी होऊन गेली होती, नवं भात घरात आलं होतं. थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, कणगीपाशी शिडी लावून तयार होते. साहेब वर चढले, बाही सरकवून हात भातात खांद्यापर्यंत घातला, आणि तसेच थांबले.

"दादा, भात गरम लागतंय."

"असंल रे. यंदा कापणीत पाऊस व्हता, ऊन कुठं गावलं वाळवायला? वलसर व्हतं तसंच जुन्यावर वतलं."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ओलसर भात कोंडलं की आतून तापतं, हे त्या घरातल्या पोरालाही ठाऊक. भाताचं काय होईल याची काळजी सगळ्यांनी केली होती. भाताच्या पोटात बाटली आहे, हे दादा विसरले होते, आणि इतकी वर्षं कणगीचे गोडवे गाणारे साहेबही. बाटली निघाली ती चुलीजवळ ठेवलेल्या तांब्यासारखी कोमट. बूच बोटभर वर आलेलं, मानेवरून चिकट ओघळ.

"उघडा तरी," वहिनी म्हणाल्या. "बघू तरी."

पडवीत सगळे जमले. दादा, दादांची बायको, शेजारची दोन म्हातारी माणसं. साहेबांनी बाटली माझ्यापुढे सरकवली, म्हणून बूच मी काढलं. काढता क्षणीच मला कळलं. पेल्यात ओतेपर्यंत तर पडवीभर झालं. वाईन गेली होती. आंबून तिचा शिरका झाला होता, नाकात सुईसारखा शिरणारा. करवंदाची जाळी नाही, पाला नाही, विडीवाला तर नाहीच.

साहेबांनी पेला उचलला. देवाचं तीर्थ घ्यावं तसा दोन्ही हातांनी. नाक आत घातलं आणि पोटातून श्वास ओढला.

मान झटक्यात मागे गेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आला?" वहिनी ओरडल्या. "अवो, वास आला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पडवीत झोंबण्यातला आणि वासातला फरक जाणणारी आम्ही दोघंच होतो, असं मला वाटलं. मी मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत, काही म्हणजे काही केलं नाही.

"आला," साहेब म्हणाले.

मग काय विचारता! दादांनी अंगणात जाऊन वरच्या घरांना हाक दिली, "आमच्या दत्तूचं नाक आलं रे!" दादांची बायको देवापुढे दिवा लावायला धावली. वहिनी साखरेचा डबा घेऊन आल्या आणि एकेकाच्या हातावर चिमूट ठेवत सुटल्या. तेवढ्या गडबडीत साहेब माझ्या कानाशी वाकले. "झोंबलं हो, मॅडम," एवढंच म्हणाले.

दुपारच्या एसटीला मी निघाले. वहिनी वाडीच्या तोंडापर्यंत पोचवायला आल्या. तिथे त्यांनी माझी मूठ उघडून पुन्हा थोडी साखर ठेवली. त्यांच्या हाताला शिरक्याचा वास येत होता.

"माझं नाक धड हाय गो," त्या म्हणाल्या. "बूच निघायच्या आधीच कळलं व्हतं मला. मला कळलंय हे तू काय बोलू नको त्यांना." पदराने तोंड पुसून त्या मागे वळल्या.

वळणावर पोचल्यावर मी एकदा मागे पाहिलं. त्यानंतर साहेबांची माझी भेट नाही. अंगणात माणसं जमली होती, हसत होती. पडवीत सकपाळसाहेब एकटेच बसले होते, पेला नाकाशी धरून. त्यांची मान झटक्यात मागे गेली. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि पेला पुन्हा नाकाशी नेला.